उडता येतं, पण तो उडत नाही

प्रॉम्प्टर नाटकात असतो आणि नसतो. मी तेहतीस वर्षं असा असून नसल्यासारखा बसलो. मोहाडीला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथेच अर्जही लिहून देतो. दिवसा लोकांचे अर्ज लिहायचे आणि मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत नटांना वाक्यं पुरवायची. दोन्हीकडे बोलणारा दुसरा आणि शब्द माझे. याचा मला अभिमान होता. सांगायलाच बसलोय तर तोही सांगून टाकतो.

आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीचं नाटक बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. कंपनीचे नट त्याच दिवशी गाडीतून उतरतात. काल ज्यानं एका गावात दारुड्या केला तो आज दुसऱ्या गावात सेनापती असतो. पाठांतर कोण करणार? म्हणून प्रॉम्प्टर अख्खं नाटक वाचतो, नटाच्या एक पाऊल पुढे. आमच्या गावात माझ्यासाठी रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध खड्डा असतो, प्रेक्षकांकडच्या बाजूला पत्र्याचं झाकण. खड्ड्यात स्टुलावर बसलं की डोळे बरोबर फळ्यांच्या उंचीला येतात. राजा आला की मला आधी त्याचे पाय दिसतात.

या धंद्याचा नियम एकच. काहीही झालं तरी थांबायचं नाही. नट गप्प झाला म्हणजे वाक्य विसरला. ते पुन्हा द्यायचं. तरी गप्प असला तर आणखी मोठ्यानं द्यायचं. नट गप्प होण्याला दुसरं कारण असू शकतं, असं मला कोणी शिकवलं नाही आणि मीही कधी डोकं चालवलं नाही.

सगळे नट माझ्यावर जगत, एक आनंदराव सोडून. आनंदराव पोस्टमन होता, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाला. आम्ही एका वर्गातले. गावच्या मंडईत चाळीस वर्षं 'राजाचं नाटक' झालं आणि चाळीस वर्षं राजा तोच. नाटकाचं खरं नाव वहीच्या पहिल्या पानाबरोबर कधीच फाटून गेलं. गोष्ट साधी आहे. राजानं कायदा केला, की जो तळ्याची पाळ फोडील त्याला देहदंड. मग एका पुरात तळ्याच्या वरच्या अंगाचं गाव बुडायला लागतं, ते वाचवायला राजा स्वतः पाळ फोडतो, आणि दुसऱ्या दिवशी भर दरबारात स्वतःच्या तलवारीनं स्वतःला दंड देतो. "पाळ मी फोडली. कायदा माझा, गुन्हा माझा, आणि मरणही माझंच." एवढं बोलून आनंदराव पडायचा. आणि मांडवातली माणसं, ज्यांनी हे वीस-वीस वेळा पाहिलं होतं, ती रडायची.

आनंदरावच्या आज्याला याच गावात मांडवाबाहेर उभं राहून नाटक पाहावं लागे. छप्पन साली त्यांचं घर बुद्धाला शरण गेलं, त्याच्या बापानं पोरांना शिकवलं, आणि पोरगा गावचा राजा झाला. वर्षातून एक दिवस का होईना, पण सगळं गाव खाली आणि तो वर. त्या मरणाची त्याला किती किंमत होती हे मी समजू शकत होतो. तरी मला त्याचा राग होता. त्याला माझी गरज नव्हती. सगळं नाटक तोंडपाठ, त्याचंही आणि दुसऱ्यांचंही. चहाच्या टपरीवर तो मजेनं म्हणायचा, "आमचा पुंडलिक खड्ड्यात बसून झोपा काढते गा." लोक हसायचे, मीही हसायचो आणि घरी येऊन बायकोवर चिडायचो.

त्याची नात मनाली पाचवीत आहे. मुलगा अश्वजित भंडाऱ्याला मास्तर, तो तिला कॉमिक्स आणून देतो. पाठीला पडदा बांधून उडणारे, रबरासारखे लांब होणारे, अंगाचा दगड करणारे, दिसेनासे होणारे अशा लोकांची पुस्तकं. गेल्या उन्हाळ्यात ती महिनाभर आजोबांकडे राहिली आणि दोघांनी एक खेळ काढला. आमच्या जुन्या नाटकांतली पात्रं या शक्तिवाल्या लोकांना वाटून द्यायची. त्यासाठी वही केली, चित्रं काढली. मी एका संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेलो तर ही वाटणी चाललेली.

रबरासारख्या माणसाला तिनं सावकाराचं काम दिलं होतं, कारण त्याचा हात कुठूनही कुठेही पोचतो. दिसेनाशी होणारी बाई सासुरवाशीण. का, तर "तशीही ती कोणाले दिसत नाई," असं पोरगी म्हणाली, आणि तुळसावहिनी, आनंदरावची बायको, सुपात तांदूळ घोळता घोळता थांबली. दगडाच्या माणसाला, जो सगळ्यांत ताकदवान, तिनं पहारेकऱ्याचं काम दिलं. पहारेकऱ्याला नाटकात एकच वाक्य आहे, "महाराज, दरबार भरला आहे." मी म्हटलं, एवढ्या ताकदीच्या माणसाला एकच वाक्य? तर म्हणाली, त्याला मोठं काम दिलं तर तो सगळ्यांना वाचवील आणि नाटक दहा मिनिटांत संपेल. म्हणून त्याला भाला घेऊन नुसतं उभं करायचं. साठी उलटलेल्या आमच्या डोक्यांत हे कधी आलं नव्हतं.

राजाचं काम उडणाऱ्याला. चित्रात तो मरून पडला होता, पडदा अंगाखाली, मुकुट बाजूला, आणि खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'ह्याला उडता येतं, पण तो उडत नाही.'

आनंदरावनं ते वाक्य मला बोट ठेवून दाखवलं. "पाहाय," म्हणाला, "चाळीस वर्ष मी काय करून राहिलो, ते ह्या पोरीनं एका ओळीत लिवलं."

ती वही भय्याजींच्या हाती लागली आणि खेळाचा धंदा झाला. भय्याजी कंपनीचे मालक. माणूस वाईट नाही, पण लोक मोबाइल सोडून मांडवात येत नाहीत या धास्तीनं पार पोखरलेला. वही पाहून त्यांचे डोळे चमकले. राजाचं नाटक शक्तिवाल्यांचं करायचं, लेकरांसाठी दुपारी तीनचा खेळ लावायचा, आमच्या गावात चाललं की सीझनभर फिरवायचं. गावच्या कवडू टेलरनं रेक्झिनचा निळा पोशाख शिवला, बसच्या जुन्या सीटांचा स्पंज घालून छाती आणि दंड फुगवले, डोळ्यांपासून नाकापर्यंत झाकणारा मुखवटा केला. आनंदराव तो चढवून उभा राहिला तेव्हा मनाली टाळ्या पिटत नाचली. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला पंचविशीची छाती आली होती. तोही आरशात पाहून हसला. तोवर सगळं ठीक होतं.

मग भय्याजींनी शेवट बदलला. लेकरांना मेलेला हिरो चालत नाही म्हणाले. राजा पडेल, पहारेकरी हळूच पाठीच्या पट्ट्याला दोराचा हूक लावील, राजा डोळे उघडून एक वाक्य बोलेल, आणि मागची माणसं दोर ओढून त्याला वर उडवतील. वाक्य लिहायला त्यांनी मला सांगितलं. मला. तेहतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं वाचलेल्या माणसाला. मी दोन रात्री जागलो, अकरा वाक्यं खोडली आणि हे लिहिलं: 'मी मरत नाही. जोवर हे तळं आहे, तोवर मी आहे.' भय्याजींनी पाठ थोपटली. खोटं कशाला बोलू, मला ते वाक्य फार आवडलं होतं. आणि आनंदरावला ते पाठ नाही, त्या एका जागी तरी तो माझ्याकडे कान लावील, हेही मनात होतंच.

खेळाच्या आदल्या दिवशी तो माझ्या दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिला. डावा खांदा दाबत होता. तालमीत दोरानं दोनदा वर ओढलं तेव्हापासून खांदा आखडला म्हणाला. मग मुद्द्यावर आला.

"पुंडलिक, उद्या ते वाक्य देऊ नको."

"काहून?"

"मी उठत नाई. राजा मरते. मेला का मेला."

मी त्याला समजावलं. भय्याजींचा सीझन आहे, एवढी लेकरं येणार, एका वाक्यानं काय बिघडतं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, की त्याला उडता येत नसतं आणि तो मेला असता तर त्यात काय मोठं, सगळेच मरतात. उडता येत असून तो तिथेच पडून राहतो, म्हणून तर लोक रडतात. उडाला तर कायदा फक्त दुसऱ्यांसाठी होता असं होईल. आणि वही पोरीची आहे, तिच्या चित्रात तो मेलेला आहे.

"तू वाक्य देजो का नको देजो," उठताना म्हणाला, "मी हालत नाई. पाहाय मंग."

आता हे सगळं खरं होतं, पण मला त्यातलं फक्त एवढंच ऐकू आलं, की तू लिहिलेलं एकमेव वाक्य मी बोलणार नाही. मी म्हटलं, प्रॉम्प्टर वाक्य देणारच, तो माझा धर्म आहे. तो हसला आणि खांदा दाबत निघून गेला.

खेळाच्या दिवशी सकाळी तुळसावहिनीनं मला मांडवाजवळ गाठलं. रात्री यांना झोप नव्हती, घाम येत होता, तुम्ही दोस्त आहात, आजचा दिवस राहू द्या म्हणून सांगा, म्हणाली. मी जाऊन सांगितलंही, पण कसं? म्हटलं, "उठायची भीती वाटत असन तं बसून राय घरी." असं बोलल्यावर कोण घरी बसतं?

कार्तिक असला तरी ऊन चांगलं होतं. उशिरा येणारं भारी धान अजून बांध्यांत उभं होतं, तरी माणसं कापणी सोडून आली. मांडवात जमीन उताराला खोदून बसायची जागा केलेली असते, ती तीनच्या आधीच लेकरांनी भरली. रात्रीच्या नाटकात वर दिवे आणि खाली अंधार असतो. दिवसा सगळ्यांना सगळं दिसतं. मला आनंदरावच्या पोशाखाची शिवण दिसत होती. गळ्याशी घाम साचून रेक्झिन काळं पडलेलं दिसत होतं. पहिल्या अंकातच तो एकदा खांबाला टेकला, जे राजा कधी करत नाही. मी वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं: 'खांब नको.'

पण काम काय केलं त्यानं! लेकरं सुरुवातीला पोशाखाला हसली, ओरडली, मग हळूहळू गप्प झाली. पुरात पाळ फोडायच्या प्रसंगाला तर पोरांनी एकमेकांचे हात धरले. मी नेहमीप्रमाणे वाचत होतो आणि तो नेहमीप्रमाणे माझं न ऐकता बोलत होता. पहिल्या रांगेत मनाली वही मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी तुळसावहिनी.

शेवटचा दरबार आला. पहारेकऱ्याचं काम राजकुमार नावाच्या गावातल्या पोराकडे होतं. अंगाला करड्या रंगाचे दगड रंगवलेला तो पोरगा म्हणाला, "महाराज, दरबार भरला आहे." आनंदराव आला. तलवार काढली. "पाळ मी फोडली," म्हणाला. मग थांबला.

तो तिथे कधी थांबत नसे. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यासमोर गप्प उभा होता. मी वाक्य दिलं, "कायदा माझा." त्याचे डोळे मुखवट्याच्या भोकांतून खाली माझ्याकडे वळले. मी पुन्हा दिलं. त्यानं ते घेतलं. "कायदा माझा." मी पुढचं दिलं, तेही घेतलं. "गुन्हा माझा." आवाज बारीक झाला होता, आणि सगळा मांडव त्या बारीक आवाजाकडे पुढे झुकला. मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. शेवटी लागली ना माझी गरज, असं वाटलं. खड्ड्यात बसून मी हसलो.

"आणि मरणही माझंच," हे वाक्य मी दिलं. ते तो बोलला की नाही, मला आठवत नाही. तो पडला. रिवाजाप्रमाणे खड्ड्याकडे डोकं करून कुशीवर पडला, तोंड माझ्यापासून दीड हातावर. पण तलवार पोटाला लावायची राहून गेली होती. ती हातातून आधीच सुटली होती. मी समासात लिहिलं: 'तलवार.'

लेकरं रडायला लागली. राजकुमारनं ठरल्याप्रमाणे वाकून हूक लावला. संगीतवाल्यानं मोठा सूर धरला. मी माझं वाक्य दिलं.

"मी मरत नाही."

तो हलला नाही. उजव्या हाताची दोन बोटं मात्र फळीवर खरडली, एकदा, दोनदा. ती मी पाहिली. भर उजेडात, दीड हातावरून पाहिली. मला वाटलं तो मला खुणावतोय, की गप राहा, काल सांगितलं होतं ना. माझं डोकं तापलं.

"मी मरत नाही," मी मोठ्यानं दिलं. मग आणखी मोठ्यानं. स्पंजची छाती जशी होती तशीच फुगलेली होती. तिच्याखाली काय चाललंय ते तिच्यावरून कळायचं नव्हतं. मुखवट्याखाली रंग कसा झालाय ते दिसत नव्हतं. ओठ दिसत होते, पण ओठांना लाली लावलेली होती. विंगेत भय्याजी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होते. पहिल्या रांगेत मनाली रडत नव्हती, ती हसत होती. मागे वळून पोरांना सांगत होती, "आबा उठत नाई. त्यायनं मले सांगतलं आहे, ते उठत नाई."

पोरीला सांगितलं होतं, मला सांगितलं होतं. सगळ्यांना माहीत होतं की तो हट्टानं पडून राहणार आहे. म्हणून कोणीच उठलं नाही.

मी किती वेळा ते वाक्य दिलं? सात वेळा. संगीतवाल्याचा सूर संपला, त्यानं पुन्हा पहिल्यापासून धरला. मांडवात चुळबुळ सुरू झाली. आणि मग मी ते केलं जे तेहतीस वर्षांत कधी केलं नव्हतं. पत्र्याच्या झाकणाआडून, आनंदरावच्या थाटात, पूर्ण आवाजात मी स्वतः बोललो: "मी मरत नाही! जोवर हे तळं आहे, तोवर मी आहे!"

मांडवाला वाटलं राजा बोलला. टाळ्या पडल्या. भय्याजींनी हात केला आणि मागच्या माणसांनी दोर ओढला.

तो वर गेला. पाठीच्या पट्ट्याला लटकून, डोकं खाली, हात लोंबत, बांधलेला पडदा एका अंगाला. लेकरं बेभान होऊन ओरडत होती. उडाला, उडाला. मी खड्ड्यातून वर पाहत होतो, त्याचं तोंड बरोबर माझ्यावर होतं. तोंडातून लाळेची तार निघाली आणि माझ्या वहीवर पडली. तेव्हा मला कळलं. कळलं तरी तोंडातून आवाज फुटेना.

मनाली उभी राहिली होती. टाळ्या चालूच होत्या, त्यात तिचं "आबा उडत नाई" हे बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही, फक्त तुळसावहिनीला गेलं. पदर सावरायचंही न सुचता ती बाई रंगमंचावर चढली आणि हवेत लोंबणाऱ्या नवऱ्याचे पाय तिनं छातीशी धरले. तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

कंपनीच्या गाडीतून त्याला भंडाऱ्याला नेलं. पोशाख निघेना म्हणून कवडूनं गाडीतच तो कात्रीनं कापला, स्वतः शिवलेला, रडत रडत. डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. पडला तेव्हाच आणलं असतं तर काही करता आलं असतं का, असं अश्वजितनं विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी दाराशी उभा होतो. मला ते ऐकू आलं, आणि तेव्हापासून रोज ऐकू येतं.

भय्याजी पंधरा दिवस घराबाहेर पडले नाहीत. राजकुमारनं मंडईत काम करणं सोडलं. भाला घेऊन तो सगळ्यांत जवळ उभा होता, आणि त्यानंच वाकून हूक लावला होता. मी त्याला एकदा समजवायला गेलो की तुझा दोष नाही. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी परत फिरलो.

महिन्यानं तुळसावहिनी दुकानात आली, मनालीला घेऊन. कलावंताला सरकारी मदत मिळते म्हणून कोणीतरी तिला सांगितलं होतं. त्याचा अर्ज करायचा होता. पोरीच्या हातात ती वही होती. मी खुर्ची पुढे केली. वहिनी बाकावरच बसली, जिथे तो बसला होता.

अर्जात घटना लिहावी लागते, कुठे, कधी, कशी. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं. मनाली काउंटरला नाक लावून माझ्या पेनाकडे पाहत होती.

"पुंडलिक आबा," ती म्हणाली, "आबा उठले नाई ना?"

"नाई बेटा. नाई उठला."

"मंग मी मरत नाही, असं कोन मनलं? आबाचा आवाज नोयता."

मला बाजूच्या मशीनकडे बोट दाखवता आलं असतं, कागद संपला म्हणता आलं असतं. लोकांना सबबी लिहून देण्यातच माझी जिंदगी गेली. तुळसावहिनी खाली पाहत होती.

"मी मनलो," मी सांगितलं.

पोरीनं मान हलवली. तिला ते आधीच ठाऊक असावं. तिनं वही उघडून ते चित्र माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, हे अर्जाला जोडता येते का. येते, मी म्हटलं. झेरॉक्स काढली. मशीनवर चित्राखालचं वाक्य अंधूक आलं, म्हणून पुन्हा एकदा गडद करून काढली.

मग मी पेन घेऊन पुढच्या रकान्यावर थांबलो. वेळ. दवाखान्याच्या कागदावर पोचल्याची वेळ होती, ती लिहून मोकळं होता आलं असतं. मी वहिनीला विचारलं, कोणती लिहू.

"मले काय मालूम," ती म्हणाली. "मी तं खाली बसून टाळ्या आयकत होती. तुमी जवळ होते भाऊजी. तुमीच लिवा."

बोटं फळीवर खरडली तेव्हा मी विंगेत भय्याजींकडे पाहिलं होतं, आणि त्यांच्यामागच्या खांबावर घड्याळ होतं. पाचला वीस कमी. त्याचे पाय परत फळ्यांवर खाली आले तेव्हाही मी तेच घड्याळ पाहिलं होतं. मी दोन्ही वेळा लिहिल्या, आणि मधल्या नऊ मिनिटांत मी काय करत होतो, तेही लिहिलं. खाली अर्जदाराची सही असते. वहिनीनं अंगठा उमटवला, आणि त्याच्याखाली, जिथे अर्ज लिहून देणाऱ्याचं नाव कधी कोणी लिहीत नाही, तिथे मी माझं लिहिलं.